गाडीचा मोनोग्राम काढताना रंग कसा राखला? – अनुभव धागा

सेकंड हँड हॅचबॅक घेतली आहे, २०१६ची, मरून. डिकीवर मॉडेलचं नाव, व्हेरियंट, वर डीलरची पट्टी, नुसती जत्रा. सगळं काढून डिकी कोरी करायची आहे. ज्यांनी स्वतः काढलंय त्यांनी लिहा. ‘गॅरेजला टाक’ हे उत्तर घरात रोज मिळतं.

तापीकाठचा, भुसावळ
आधी पिना आहेत का बघ. अक्षरं बहुतेक फोमच्या डबल टेपवर असतात, पण कंपनीच्या गोल लोगोला कधीकधी मागून पिना असतात आणि पत्र्याला भोकं. तो काढलास तर भोकं बुजवत बसशील, म्हणून त्याला हात लावू नकोस.
अक्षरांसाठी गळाचा तंगूस घे. जागा धुऊन घे, कडेने मास्किंग टेप लाव, हेअर ड्रायर फिरवत ठेव. हात टेकवता येईल इतपतच गरम. मग तंगूस अक्षरामागून करवतीसारखा ओढ. मे महिन्यात आपल्याकडे ड्रायरही लागत नाही, दुपारी पारा ४४-४५ ला गेला की गोंद आपोआप मऊ पडतो. स्क्रूड्रायव्हर मात्र घरातच ठेव.

पेंटरभाऊ, धुळे
डिकीला दुसऱ्यांदा रंग मारलाय का ते तपासा. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग सहसा निघत नाही. बाहेर मारलेला, खाली पुट्टी असलेला रंग टेपबरोबर पापुद्र्यासारखा येतो. अक्षरं किंचित तिरपी बसलेली दिसली की समजायचं, एकदा काढून परत चिकटवलीत. जुनी गाडी घेतानाही मी हेच आधी बघतो.

अमळनेरकर
अक्षर निघालं तरी फोम उरतोच. अंगठ्याने चोळून त्याच्या वळ्या करत काढायचा. बोटं दुखतात, पण ओरखडा पडत नाही. राहिलेल्या चिकटाला आमच्या आण्णांनी रॉकेलचा बोळा लावला, लगेच शाम्पूने धुतलं. थिनर नको, बाहेर मारलेला रंग त्याने विरघळतो.

शहादेकर
मरून म्हणालास म्हणून सांगतो, अक्षरांची सावली दिसणार. उन्हाने भोवतालचा रंग उतरलेला असतो, झाकलेला तसाच गडद राहतो. रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने घासलं की फरक कमी होतो, पण लाल छटेत पूर्ण जाईलच असं नाही. माझ्या गाडीवर तिरप्या उन्हात अजून नाव वाचता येतं.

चाळीसगाव रोड
नवीन गाडीवाल्यांनी पुढच्या जाळीवरचा लोगो काढू नये, काहींत त्यामागे पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार असतं.

धागाकर्ता
डीलरची पट्टी आणि व्हेरियंट निघालं, रंग शाबूत. सावली आहे, रबिंग रविवारी. मॉडेलचं नाव ठेवलं, बाबा म्हणाले गाडी ओळखू कशी यायची.

पेंटरभाऊ, धुळे
काढलेली अक्षरं डब्यात ठेव भाऊ. विकताना गिऱ्हाईक विचारतं, टॉप मॉडेल कशावरून?