बार्शी लाइट : डब्यात बसलेल्यांनी लिहावं

परवा कुर्डुवाडी स्टेशनात शेजारच्या पोराला सहज म्हटलं, इथं एकेकाळी अडीच फुटी रूळ होते. त्याला वाटलं मी माथेरानचं बोलतोय. म्हणून हा धागा.

नव्यांसाठी थोडक्यात. बार्शी लाइट म्हणजे या अडीच फुटी रुळांवरची, नॅरोगेजची छोटी गाडी. मुंबई–मद्रास लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला. बार्शीच्या पेठेतला कापूस वीस-बावीस मैल बैलगाडीने 'बार्शी रोड'ला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी आली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला निजामाच्या मुलखातलं लातूर, १९२७ ला मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तुकड्या-तुकड्याने सगळं ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीच्या रुंद रुळांचं, झालं.

तारखा पुरे. डब्यात काय घडलं ते खाली लिहा, वर आपलं गाव टाकून.

कुर्डुवाडी
आमचे वडील हमाल. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत आणि मोठ्यातला छोट्या गाडीत, हेच आयुष्यभर केलं. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, मध्ये फळी टाकायची आणि पाठीवर पोतं घेऊन पलीकडं. पावसात फळी निसरडी व्हायची, मग तिच्यावर राख टाकायचे. राख इंजिनातलीच, तिला काय तोटा! वडिलांच्या मानेखाली लिंबाएवढा घट्टा होता. उताणं झोपता यायचं नाही त्यांना. सगळे म्हणतात ब्रॉडगेज आलं, छान झालं. झालंच. पण फळी गेली तशी तिच्यावरची मजुरीपण गेली, एवढं लिहून ठेवा.

लातूर, मोंढा
वरच्यांनी दुसरी बाजू लिहिली, मी तिसरी लिहितो. आमची आडत. कुर्डुवाडीत माल पलटी व्हायचा तेव्हा तूरडाळीचं एखादं तरी पोतं फुटायचंच. मुंबईला पोचेपर्यंत भाव उतरलेला. आजोबा पुढं ट्रकनेच माल पाठवू लागले. आता 'आमची लाडकी छोटी गाडी' म्हणून उसासे टाकणाऱ्यांत शेवटी-शेवटी तिच्यातून माल पाठवणारं कोणी नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

माहेर येडशी
सासर लातूर. बाळंतपणाला, नागपंचमीला, दिवाळीला हीच गाडी. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की कोळशाचा कण डोळ्यात. आई सांगायची, डोळा चोळू नको, पदराची सुरळी कर आणि तोंडाची वाफ दे. पांगरी आणि येडशीच्या मधला रामलिंगाचा घाट चढताना इंजिन असं धापा टाकायचं की बायका 'रामलिंगा, पाव रे' म्हणायच्या. पोरं खाली उतरून गाडीच्या बाजूनं चालायची आणि सीताफळं तोडून पुन्हा चढायची. माझ्या भावाची एक चप्पल तिथं राहिली. तो दुसरी हातात घेऊन मामाच्या घरी गेला. मामा म्हणाले, हीपण का आणलीस?

उस्मानाबाद जिल्ह्याचं गाव असून तिथं ही गाडी कधी गेलीच नाही. कोर्टकचेरीची माणसं येडशीला उतरून एसटी धरायची. ब्रॉडगेज आलं तेव्हा कुठं उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, स्टेशन मिळालं.

निवृत्त इंजिनिअर, पुणे
घाटाची गंमत ठीक आहे, पण गाडीला हसू नका. कॅलथ्रॉपचं गणित साधं होतं: इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. त्यामुळे दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रूळ पुरले. आज मुख्य मार्गावर ६० किलोचे असतात. आरंभी चाचणीसाठी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून हे डबे चालवून दाखवले होते. याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. आणि नॅरोगेज गेल्यावरही माथेरानच्या गाडीची दुरुस्ती कुर्डुवाडीच्याच कारखान्यात होत राहिली. तेव्हा धागाकर्ते, तो पोरगा अगदीच चुकला नव्हता.

पंढरपूर
आषाढीला मालाच्या वाघिणींतसुद्धा माणसं भरायची. बाकडं नाही, खिडकी नाही. आजी सांगायची, मोडनिंबपासून उभ्याने अभंग, कारण बसायला जागाच नसे.

सांगोला
आमच्याकडे 'मिरजेला नेलंय' म्हटलं की दुखणं मोठं आहे हे कळायचं. वानलेसांचा मिशन दवाखाना तिथला. अप्पांना घोंगडीची झोळी करून डब्यात चढवलं, समोरच्या बाकावरची माणसं न सांगता उठली. कवठेमहांकाळला कुणी तरी अनोळखी बाईनं भाकरी आणि शेंगाचटणी दिली. परत येताना अप्पा बसून आले, खिडकीशी.

लातूर, विवेकानंद चौकाच्या पुढं
मी छोटी गाडी पाहिलेली नाही, तरी लिहितो. २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिचा रस्ता मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. सगळ्या वाहिन्या आल्या होत्या.

आजीला टीव्हीवर दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागली का रे?" म्हटलं, नाही, सरळ आली. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तरी म्हटलं सांडलं कसं नाही."