रझाकार, कँपवाले, मिलिट्री : आजीच्या आठवणीतला कुठला भाग वाचू?

तेरणाकाठ
नमस्कार. उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावात १७ सप्टेंबरला शाळेत जुन्या माणसांच्या आठवणी वाचायच्या आहेत. माझ्या आजीचं बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय. १९४८ साली, निजामाच्या राजवटीच्या शेवटी, ती न्हातीधुती पोर होती.

पहिला भाग आपल्याकडं घरोघरी ऐकायला मिळतो तसाच : हद्दीपलीकडच्या कँपांतून निजामाविरुद्ध लढणारी पोरं, आणि त्यांच्या मागावरचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना. "रातच्याला कँपातली पोरं यायची, आई भाकरी थापून द्यायची. सकाळी रझाकार येऊन चुलीतली राख उकरायचे, एवढी राख कशाची म्हणून. चुलत्याला त्याच्यावरूनच वेशीत बांधून मारलं." मग मिलिट्री आली. शिपायांनी पाणी मागून घेतलं, बायामाणसांकडं मान वर करून बघितलं नाही, हे ती कौतुकानं सांगते. आणि त्याच दमात : "चार रोजानं मुलाण्याचं घर फोडलं. आपल्याच लोकांनी. मिलिट्रीची गाडी वेशीला उभी होती, कुणी खाली उतरलं नाही. त्याची म्हैस मग दुसऱ्याच्या दावणीला दिसायची."

समितीतले काहीजण म्हणतात, हा शेवटचा भाग गाळ. असं दुसरीकडंही झालं होतं का?

जुना मास्तर
झालं होतं, ताई. नळदुर्गच्या बाजूला मी इतिहास शिकवला, आणि पुस्तकात नसलेलं हेच पालक येऊन सांगायचे.

१३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींचं भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या हैदराबाद संस्थानात आलं, १७ ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली. आजी सांगतात ते बहुधा त्याच्या पुढचं. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अहवाल कित्येक वर्षं दडलेला होता, २०१३ च्या सुमारास लोकांपुढं आला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यांत जास्त झळ. मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. काही ठिकाणी शिपायांनी लुटीला चिथावणी दिली, स्वतःही हात धुऊन घेतले. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी मुसलमानांना वाचवलं. हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजारी राखल्याचंही त्यात आहे.

कँपांची लढाई गनिमी होती. करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी, लेव्हीचं म्हणजे सरकारनं सक्तीनं वसूल केलेलं धान्य, ३० जानेवारी १९४८ ला लुटलेली उमरीची बँक. पोरं हल्ला करून हद्दीपार व्हायची, गाव कुठं जाणार? रझाकारांच्या तावडीत गावच सापडायचं. भाकरी दिली तो कँपवाला, एवढा पुरावा त्यांना पुरे व्हायचा. सप्टेंबरनंतर मुसलमान दिसला की तो रझाकार, हा हिशेब सुरू झाला. मुलाणी तर गावचा बलुतेदार! मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

कोरडवाहू
मास्तर, मान्य. पण बिदरकडच्या गोरटा गावात रझाकारांनी माणसं कापली, बायांची अब्रू घेतली, ते झाकलं जाईल. १७ सप्टेंबर हा आपल्या मुक्तीचा दिवस आहे. त्या दिवशीच हे कशाला?

अत्तारवाडा
मी लातूरचा. आजोबांना शेजारच्या लिंगायत घरानं बळदात लपवलं होतं, जवारीच्या मागं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील, पण आमच्या घरात त्याचं नाव कुणी आदरानं घेत नाही. तो १९५७ साली सुटून पाकिस्तानात गेला, भोगलं ते इथं राहिलेल्यांनी. गोरट्याचं जरूर वाचा, मोठ्यानं वाचा. तुमच्या चुलत्याला मारलं तेही वाचा. पण मग मुलाण्याचं घरही वाचा ताई. आमची पोरंही त्याच शाळेत बसतात.

कोरडवाहू
पोरं एकाच वर्गात बसतात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी समितीशी आधी बोला, ऐनवेळी नको.

तेरणाकाठ
उद्याच बोलते. दोन्ही भाग वाचणार. मास्तर, एक विचारायचं राहिलं. मुलाण्याच्या घरचे आता औशाकडं राहतात असं कळलंय. त्यांना न विचारता वाचलं तर चालेल का?

जुना मास्तर
नाही. आधी जाऊन भेटा, रेकॉर्डिंग ऐकवा. त्यांचं नाव घ्यायचं की नुसतं 'एक घर' म्हणायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.