मदत हवी आहे: आठवडा-दहा दिवसांसाठी आईबाबांची सोय कुठे करावी?

घाईगडबड
तिकिटं निघालीत, हॉटेल बुक झालंय, आता रद्द केलं तर पैसे परत नाहीत. आम्ही चौघं सुट्टीत आठवडा-दहा दिवस बाहेर जातोय. आईबाबा आमच्याकडेच असतात. दरवेळी नात्यातलं कोणीतरी येऊन राहायचं, यंदा एकालाही जमत नाहीये. दोघंही तसे ठीक आहेत, वयोमानाप्रमाणे जे असतं तेवढंच. घरी केअरटेकर ठेवावा की थोड्या दिवसांसाठी ठेवून घेणारी संस्था बघावी? ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा. 'आईवडिलांना सोडून जाववतं कसं' हे ऐकवायचं असेल तर पुढच्या धाग्यावर जा. उत्तर लवकर हवंय.

काजवा
वयोमानाप्रमाणे म्हणजे नेमकं काय? आपापलं उठून संडासला जातात का? रात्री किती वेळा उठतात? आंघोळीला कोणी लागतं का? गोळ्या कोण देतं? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय डोंबल सुचवणार?

टिकोजीराव
सोप्पं आहे. चार कॅमेरे लावा, मोबाइलवर दिसतं सगळं. बोलताही येतं त्यातून. आम्ही तसंच करतो.

बंडोपंत
@टिकोजीराव, कॅमेऱ्यात ते पडताना दिसतील. उचलणार कोण?

घाईगडबड
उठतात हो आपापले. आई तर धडधाकट आहे. बाबा जरा हळू चालतात इतकंच. गोळ्या आईच देते त्यांना. आता सांगा, केअरटेकर की संस्था?

रातपाळी
जरा हळू म्हणजे कसे? पाय घासत? वळताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं? हात थरथरतो?

घाईगडबड
हो, पार्किन्सन आहे. पण गोळ्या चालू आहेत आणि व्यवस्थित आहेत. त्याचा इथे काय संबंध?

गुलमोहर
सोबतच घेऊन जा ना! म्हातारपणी त्यांना तरी कुठे हौसमौज असते. नातवंडांबरोबर चार दिवस आनंदात जातील.

घाईगडबड
@गुलमोहर, डोंगरात जातोय, चढउतार आहेत. आणि हा प्रश्नच नव्हता.

रातपाळी
संबंध विचारलात म्हणून सविस्तर लिहिते. मी या कामात आहे.

पार्किन्सनमध्ये गोळीपेक्षा गोळीची वेळ मोठी. बऱ्याच ठिकाणी औषधं राउंडला वाटतात, सकाळ, दुपार, रात्र. तुमच्या बाबांची लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, अकराची असेल आणि ती एक वाजता मिळाली, तर ते खुर्चीतून उठूच शकणार नाहीत. तिथला नवखा पोरगा वहीत लिहील 'आजोबा हट्ट करतात, सहकार्य करत नाहीत'. मी अशा नोंदी वाचल्या आहेत. भरपूर प्रथिनं असलेल्या जेवणाबरोबर घेतली तरी गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून साधारण अर्धा तास आधी द्यावी लागते. आणि ती अचानक बंद होता कामा नये. ताप, अंग लाकडासारखं कडक, शुद्ध हरपणं, इथवर जाऊ शकतं.

दुसरं. उलट्या झाल्या म्हणून मेटोक्लोप्रमाइड दिलं किंवा रात्री गोंधळ घातला म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं, तर पार्किन्सनचा पेशंट आणखी जखडतो. फोनवरून औषध सांगणाऱ्या डॉक्टरला समोर कोण आहे हे ठाऊक नसतं. या दोन औषधांची नावं आणि 'देऊ नये' असं मोठ्या अक्षरात, तुमच्या डॉक्टरांच्या सहीनिशी, फाइलच्या पहिल्या पानावर लावा. केअरटेकर ठेवा नाहीतर संस्था बघा, हे दोन्हीकडे लागणारच.

मोरपीस
म्हणूनच मी म्हणते घरीच ठेवा. जागा बदलली की म्हातारी माणसं भांबावतात. स्वतःचा पलंग, स्वतःचं बाथरूम, अंधारातही पायाखालचं माहीत असतं. आम्ही सासऱ्यांसाठी चोवीस तासांची बाई ठेवली होती, काही अडचण आली नाही.

बंडोपंत
चोवीस तासांची बाई झोपते केव्हा, हे विचारलं होतंत का? चोवीस तासांचा माणूस म्हणजे रात्री घरात झोपणारा माणूस. बाबा रात्री लघवीला उठत असतील तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात. त्यातला एक जण न सांगता गायब झाला की माणसं पुरवणारा ब्यूरो म्हणतो 'उद्या बदली पाठवतो'. तोवर तुम्ही डोंगरात, मोबाइलला रेंज नाही.

मोरपीस
संस्थेत तरी रात्री काय असतं? एक मुलगा आणि वीस पलंग.

बंडोपंत
तेच तर विचारून घ्यायचं असतं! रात्री दोन वाजता जागं कोण, आणि किती जणांमागे. दिवसाचा स्टाफ सगळेच दाखवतात.

पांथस्थ
परदेशी जात असाल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना बघून घ्या. बरेच देश त्यावरून अडवतात.

घाईगडबड
पासपोर्टचं कोणी विचारलंय??

काजवा
एक राहिलंच. गोळ्या आई देते म्हणालात. अकराची, तीनची, सगळ्या वेळा तिच्या लक्षात असतात?

घाईगडबड
आठवड्याचा डबा मी भरतो. मोबाइलचा गजर मुलगी लावून देते. गजर वाजला की आई देते. मध्येमध्ये होतं काहीतरी, परवा मंगळवारचा खण भरलेला आणि बुधवारचा रिकामा. तोच प्रश्न चार वेळा विचारते, पण या वयात ते चालायचंच ना.

रातपाळी
म्हणजे डोकं बाबांचं आणि हातपाय आईचे, असं मिळून घर चाललंय. आणि गजर तुमच्या मुलीचा, जी सुट्टीवर निघालीय. आईंना आधी डॉक्टरांकडे न्या. हे वयाचं म्हणून सोडून देण्यातलं नाही, कधी थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता निघते आणि सुधारणाही होते.

तोवर दोघांची सोय एकत्रच बघा. बऱ्याच ठिकाणी पुरुषांचा आणि बायकांचा मजला वेगळा असतो. तसं झालं तर आई रात्रभर बाबांना शोधत दारं वाजवेल. पहिला फोन करताना हेच विचारा, जोडप्याला एक खोली मिळते का. सुट्ट्यांमध्ये तीच आधी भरते.

गुलमोहर
त्यांना विचारलंत तरी का, जायचंय का म्हणून?

घाईगडबड
निघायच्या दिवशी सांगणार होतो. आधी सांगितलं तर आई रोज विचारत बसेल.

गुलमोहर
धन्य आहे. माणसं आहेत ती, बॅगा नाहीत.

काजवा
@गुलमोहर, आईंच्या बाबतीत ते बरोबर आहेत. विसरणाऱ्या माणसाला आठवडाआधी सांगून उपयोग नसतो, कशाची भीती वाटतेय हे विसरतं आणि भीती तेवढी उरते. पण बाबांचं डोकं शाबूत आहे ना? त्यांना आजच सांगा. जागा त्यांना दाखवा, हो-नाही त्यांना म्हणू द्या.

आणि मुख्य सुट्टीच्या आधी दोन रात्री ठेवून बघा, तुम्ही गावात असताना. जे काही बिनसायचं ते तेव्हाच बिनसू दे. बहुतेक तक्रारी संध्याकाळनंतरच्या असतात, दुपारी भेट देऊन कळत नाहीत.

बंडोपंत
जाताना औषधं मूळ पाकिटांत द्या, चिठ्ठीसकट. भरलेला डबा बरेच जण घेत नाहीत, आतली गोळी कुठली ते त्यांना कळत नाही. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, सगळ्यावर नाव. यंत्राचे सेल जास्तीचे. आणि हॉस्पिटलमध्ये हलवायची वेळ आली तर निर्णय कोण घेणार, त्याचं नाव आणि नंबर लेखी द्या. डोंगरातला नको, तासाभरात पोचू शकणारा माणूस हवा.

मोरपीस
अवांतर: बाथरूमला दांडे बसवले नसतील तर कृपया बसवा, सुट्टी असो नसो. टॉवेलचा रॉड धरून माणसं पडतात.

टिकोजीराव
+१. आमच्याकडे दांड्यासमोरच कॅमेरा आहे.

काजवा
बाथरूममध्ये???

टिकोजीराव
दाराबाहेर हो.

घाईगडबड
अपडेट. एका ठिकाणी जोडप्याची खोली मिळतेय. रात्री दोन जण जागे असतात म्हणाले, तिसऱ्यांदा विचारल्यावर. अकराची गोळी अकरालाच देऊ, असं लिहून द्यायला तयार आहेत. या शनिवार-रविवारी ट्रायल. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "टीव्ही आहे का? आणि रिमोट कोणाकडे असतो?" आईला डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीय. तासाभरात पोचणारा माणूस अजून सापडायचाय, मेव्हण्याला गळ घालतोय.

टिकोजीराव
खोलीत स्वतःचा कॅमेरा लावू देतात का, तेवढं विचारून घ्या.

रातपाळी
आणि तुमच्या आईंचे कपडे बदलताना तो बंद कोण करणार, तेही.