सॅलरी जुन्याच खात्यात घेता येते का? आणि चेक कसा भरायचा?

हिंजवडीत जॉब लागलाय, एचआर म्हणतायत आमच्या बँकेत अकाउंट उघडा, पण माझं कोथरूडला जुनं खातं आहे ते चालेल ना? शिवाय आधीच्या कंपनीचा चेक पडून आहे, तो कसा भरू?

कर्वेरोडकर: बऱ्याच ठिकाणी चालतं, विचारून बघ. नाव छापलेला कॅन्सल्ड चेक (वर आडवं 'CANCELLED' लिहून रद्द केलेला) मागतील, सही नको करूस त्यावर.

पेठेतला: आधी चेकची तारीख बघ रे, ३ महिने उलटले असतील तर नवीन मागावा लागेल. मागे खाते नंबर आणि मोबाइल लिही, स्लिप भरून काउंटरलाच दे आणि शिक्क्याची पावती घे, ड्रॉप बॉक्सात टाकलास की पावती विसर.

आयटीवाली: सकाळीच जा, ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला (म्हणजे चेक देणाऱ्याच्या बँकेकडे वसुलीला) जातात, पूर्वीसारखं ठरलेल्या वेळच्या गठ्ठ्यासाठी थांबत नाहीत.