मदत हवी आहे: पक्षी कमी झाले, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं नाशिकहून दर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जातो. वहीत नोंदी आहेत, पण 'घट' कशाला म्हणायची यावर गाडीत रोज वाद.

लिव्हिंग प्लॅनेट निर्देशांक (जगभरातल्या वन्यप्राण्यांच्या संख्येचा कल दाखवणारा आकडा) १९७० ते २०२० मध्ये ७३ टक्के घसरला. एक मित्र म्हणतो, म्हणजे ७३ टक्के प्राणी मेले. तसं नाही ना? तो निर्देशांक म्हणजे निरीक्षणाखालच्या, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या समूहांमधल्या बदलांची सरासरी आहे, तीही भूमितीय मध्याने (दोन समूह असतील तर दोघांच्या उरलेल्या प्रमाणांचा गुणाकार करून वर्गमूळ). समजा, ९९० वारकरी (पाण्यातले पक्षी हो, पंढरीचे नव्हेत!) तेवढेच राहिले आणि १० चमच्यांचा (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) १ उरला. एकूण पक्षी १ टक्काही घटले नाहीत, पण निर्देशांक सुमारे ६८ टक्के पडतो. मला या सरासरीच्या पद्धतीत तथ्य वाटतं. नुसतं डोकी मोजली तर चमचा गेल्याचं कळणारच नाही.

आता अडचण अशी की कधी आम्ही दोन तास थांबलो, कधी अख्खी सकाळ. पहिली काही वर्षं दुर्बीणही साधीच होती. अशा असमान नोंदींची वर्षावर्षांशी तुलना कशी करायची? तासामागे आकडा काढणं पुरेल, की जुन्या वह्या फक्त प्रजातींच्या यादीपुरत्या वापराव्यात? आणि यंदापासून ठरावीक जागी किती मिनिटं उभं राहून मोजावं? कोणी केलं असेल तर सांगा.