मंदीच्या काळात जुन्या नाशिकच्या वाड्यांना सरकारी आधार

प्रश्न: मंदीत बिल्डर हात आखडता घेतात, तेव्हा गावठाणात टेकूंवर उभ्या असलेल्या वाड्यांच्या पुनर्विकासाला सरकारने नेमकी कोणती मदत द्यावी?

प्रतिसाद १: सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी घटवले, त्याने घरखरेदीला उठाव आला, परंतु ज्या वाड्यात भाऊबंदकीचा आणि भाडेकरूंचा गुंता सुटलेला नाही, तिथे अशी सवलत पोहोचतच नाही.

प्रतिसाद २: सहमत आहे. शहरांतील रस्ते-पाण्यासारख्या कामांसाठी केंद्राने पूर्वी राबवलेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत नाशिकसारख्या शहरांसाठी केंद्राचा ५०, राज्याचा २० आणि महापालिकेचा ३० टक्के वाटा होता. घरपट्टीची वसुली घटली, की महापालिकेचा असा वाटाच अडतो आणि खोदलेला रस्ता पावसाळाभर तसाच राहतो. मंदीपुरता तरी केंद्राने अशा योजनांतला आपला वाटा वाढवावा.

प्रतिसाद ३: त्यासोबत भाडेकरूंच्या तात्पुरत्या घरभाड्याची हमीही हवी, तिच्याविना कोणीही वाडा रिकामा करणार नाही.