नव्या शहरातली पहिली कामं: तुमचे अनुभव लिहा

बदलीच्या नोकरीमुळे मी बरीच घरं बदलली. प्रत्येक शहर मला आधी कळलं ते किरकोळ कामांतून: चावी करून घेताना, गळक्या नळासाठी माणूस शोधताना, पत्ता बदलण्याच्या रांगेत उभं असताना. प्रेक्षणीय स्थळं नंतर केव्हातरी पाहिली, काही राहूनही गेली. म्हणून विचारावंसं वाटलं, की सामान उतरवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तुम्ही काय काय केलंत? कुठे अडलात, कोण मदतीला आलं? काम कितीही साधं असो, सविस्तर लिहा. कुणीतरी आत्ता खोक्यांच्या गराड्यात बसून हे वाचत असेल, त्याला तुमची एखादी ओळ उपयोगी पडेल.

माझ्यापासून सुरुवात करतो. नव्या घरात गेलं की खोकी उघडण्याआधी मी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, विजेचा मुख्य स्विच आणि मीटर शोधतो. मीटरवरच्या आकड्याचा फोटो त्याच दिवशी काढतो, म्हणजे आधीच्या भाडेकरूने जाळलेल्या विजेचा वाद उद्भवत नाही. मागच्या बदलीत या सवयीचं चीज झालं. एका मध्यरात्री बेसिनखालची नळी फुटली. व्हॉल्व्ह ठाऊक होता, पाणी लगेच बंद केलं. तरी तोवर खालच्या घराच्या छतातून ठिबकायला लागलं होतं. दारावर थाप पडली. खालचे गृहस्थ बादली आणि फडकी घेऊन उभे होते. आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली, आणि पुसता पुसता त्यांनी मला प्लंबरपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे पत्ते सांगितले.

*

समोरून उघडणारं वॉशिंग मशीन हलवणार असाल तर हे जरूर वाचा. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. प्रवासात तो हेलकावून मोडू नये म्हणून मशीनच्या मागून लांब बोल्ट लावून आवळतात, आणि नव्या जागी मशीन सुरू करण्याआधी ते काढावेच लागतात. मी हे बोल्ट खरेदीच्या दिवसापासून पिशवीत जपून ठेवले होते. निघताना लावले, पण पोचल्यावर पाना हाताशी नाही. हत्यारांचं खोकं ढिगाच्या तळाशी.

मग मजल्यावरची दारं वाजवत निघाले. पहिल्या घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या घरातली मुलगी मला तिसऱ्या घरी घेऊन गेली आणि तिथल्या आजींनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. त्यांच्या यजमानांची. प्रत्येक पाना तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळलेला. "वापरात राहायला हवेत हे," म्हणाल्या, आणि माझ्याबरोबर घरी आल्या. मशीन सुरू होऊन नीट फिरायला लागेपर्यंत स्टुलावर बसून होत्या. आता दर रविवारी त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या मी डबीत लावून देते.

फ्रिजबद्दलही सांगते. आडवा करून आणला असेल तर उभा केल्यावर काही तास तसाच राहू द्या, मग सुरू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला वेळ लागतो.

*

आम्ही समुद्रकाठचं शहर सोडून डोंगरावरच्या शहरात गेलो, साधारण २००० मीटर उंचीवर. पाणी खळाखळा उकळायचं, पण कडधान्य शिजायचं नाव घेईना. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि ढोबळमानाने दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. म्हणजे आमच्या पातेल्यातलं पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळत होतं, आणि आच कितीही वाढवली तरी त्यापुढे जाणार नव्हतं. प्रेशर कुकर लावला आणि प्रश्न मिटला. जिना चढताना लागणारी धाप मात्र सावकाश कमी झाली. उंचावर राहायला जाणाऱ्यांनी सुरुवातीला जड सामान उचलायची घाई करू नये, एवढं कळकळीने सांगतो.

*

नव्या शहरातल्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी जवळच्या थांब्यावर येईल त्या बसमध्ये चढते आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाते. परतताना दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसते. दवाखाने, वाचनालय, बाग, बाजार सगळं ओळीने दिसतं.

*

मला दिसत नाही. त्यामुळे शहर बदललं की पहिलं काम म्हणजे घर ते बसस्थानक हा रस्ता पाठ करणं. सुरुवातीला बहीण बरोबर होती. तिला सांगितलं, दुकानांच्या पाट्या वाचू नकोस, पायाखालची जमीन कुठे बदलते ते सांग. फाटकाबाहेर खडबडीत फरशी, मग उतार, मग डांबर. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येतो, तिथून डावीकडे. पुढे अंगावर वाऱ्याचा झोत येतो, कारण इमारतींची रांग तिथे संपते. चौकात थांबून कान द्यायचा: माझ्या समांतर जाणाऱ्या गाड्या एकदम सुटल्या की माझी ओलांडायची वेळ झाली.

स्थानकावर उंचवट्यांच्या फरशा आहेत. त्या शोभेच्या आहेत किंवा पाय घसरू नये म्हणून आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. लांब पट्ट्या असतील तर त्या दिशेने चालत राहायचं; गोल ठिपके लागले की थांबायचं, पुढे जिना, रस्ता किंवा फलाटाची कड आहे. जपानचे सेइइची मियाके यांची ही कल्पना. १९६७ साली ओकायामा शहरात या फरशा पहिल्यांदा बसवल्या गेल्या आणि तिथून जगभर पोचल्या. त्या माणसाचे माझ्यासारख्यांवर फार उपकार आहेत. तरीही नव्या शहरात मी प्रत्येक पट्टी काठीने तपासून घेतो, कारण बसवणाऱ्याला तिचा अर्थ माहीत असेलच असं नाही. इथल्या स्थानकावर एक पट्टी सरळ खांबावर जाऊन आदळते. तिच्याबद्दल लेखी तक्रार दिली आहे, पाठपुरावा सोडलेला नाही.

पहिल्यांदा एकटा निघालो त्या सकाळी पाऊस होता. पावसात वास दबतात आणि आवाजांची अंतरं बदलतात. सोल्यूशनचा वास आलाच नाही. वाऱ्याचा झोतही लागेना. मी थांबलो. तेवढ्यात मागून हाक आली, "दादा, वळण मागे राहिलं. काल ताईंबरोबर तुम्ही इथूनच गेलात ना?" दुकानातलाच मुलगा होता. तेव्हापासून पाऊस असला की तो मला येताना बघून सायकलची घंटी वाजवतो. असं कर म्हणून मी त्याला सांगितलेलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं.

सगळ्यांना एक विनंती. त्या फरशांवर गाड्या लावू नका. आणि कुणाला रस्ता ओलांडायला मदत करायची असेल तर दंड धरून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, आम्ही धरतो.

*

हे वाचून मी आमच्या स्थानकावरच्या फरशा मुद्दाम बघून आलो. ठिपक्यांवरच एक मोटरसायकल उभी होती, मालकाला शोधून ती हलवायला लावली. एक विचारायचं होतं: कोणता रस्ता पाठ करायला सगळ्यांत अवघड जातो?

*

मोकळं मैदान. तिथे कडेला धरून चालायला भिंतच नसते. गर्दीची गल्ली त्यापेक्षा कितीतरी सोपी.

*

मी पहिल्या नोकरीसाठी शहर बदललं आणि नोकरी होती घरोघरी पार्सल पोचवायची. म्हणजे शहर नवं आणि कामच पत्ते शोधण्याचं! रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक ही पद्धत पुष्कळ ठिकाणी असते, ती कळली की अर्धा शोध संपतो. मग मला या विषयाची गोडीच लागली. पॅरिसमध्ये १८०५ सालापासूनचा नियम आहे: सेन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक नदीच्या बाजूने सुरू होतात, आणि नदीला समांतर रस्त्यांवर ते प्रवाहाच्या दिशेने वाढतात. तिथला टपालवाला नदी कुठे आहे यावरून क्रमांक ताडू शकतो. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, क्रमांक वस्तीच्या चौकोनांना असतात, आणि जुन्या भागांत घरांचे क्रमांक ती बांधली गेली त्या क्रमाने पडलेले आहेत. शेजारच्या घराचा क्रमांक लागून येईल याची खात्री नाही.

माझ्या वाट्याला आलेला भागही तसाच होता. जुने भूखंड विभागत गेलेले, त्यामुळे १४ च्या पुढे १४ क आणि त्यापुढे एकदम ३१. तिथे वर्षानुवर्षं टपाल वाटणारे एक काका रोज दिसायचे. त्यांनी मला दुपारच्या सुट्टीत अख्खा भाग चालून दाखवला. कुठला जिना मागून आहे, कुठली बेल वाजत नाही, कुठे वरच्या मजल्यावर वयस्कर माणूस राहतो म्हणून दार उघडेपर्यंत थांबायचं. हे कुठल्याच नकाशात नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाला मी गेलो होतो.

*

मी विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहायला आले. घर दाखवणाऱ्या बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "उत्तरेकडच्या खिडक्या आहेत, घरभर ऊन येईल." उत्तरेची खोली म्हणजे गार, सावलीची, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की मला ते पटायलाच वेळ लागला. इथे मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. त्याप्रमाणे कुंड्या मांडल्या, कपड्यांची दोरी बांधली, पलंगाची जागा ठरवली. डिसेंबरात उन्हाळा असतो हे माहीत होतं. पण सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की तो उजवीकडून डावीकडे सरकतो, हे अंगणात उभं राहूनच कळलं, आणि त्या दिवशी मी खूप वेळ अंगणातच होते.

दिशा पटकन ओळखायची एक खूण देते, ढगाळ दिवशीही चालते. घरांवरच्या टीव्हीच्या डिश बघा. ज्या उपग्रहांकडे त्या रोखलेल्या असतात ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे विषुववृत्तापासून पुरेसं दूर असाल तर उत्तर गोलार्धात डिशचा रोख साधारण दक्षिणेकडे असतो, इकडे उत्तरेकडे.

*

कागदपत्रांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. खातं उघडायला राहण्याचा पुरावा हवा, पुराव्याला स्वतःच्या नावाचं बिल हवं, आणि बिल नावावर करायला खात्याचा तपशील हवा. या फेऱ्यात मी भरपूर हिंडलो. शेवटी एका खिडकीवरच्या बाईंनी माझी फाईल स्वतःकडे ओढली आणि कागदांचा क्रम लावून दिला: आधी भाडेकरार, त्यावर कार्यालयाचं राहत्या पत्त्याचं पत्र, त्या दोन्हींवर वीजजोडणी, आणि बाकी सगळं त्यानंतर. मागे रांग वाढत होती, तरी त्यांनी घाई केली नाही. क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा असू शकतो, पण "आधी कुठला कागद?" हा प्रश्न पहिल्याच खिडकीवर विचारा. आणि मूळ कागद स्वतःजवळच्या पिशवीत ठेवा, सामानाच्या गाडीत नको.

*

वडील बरोबर असल्याने आमचं पहिलं काम औषधांचं दुकान. त्यांच्या गोळ्यांची नेहमीची व्यापारी नावं इथे कुणालाच ठाऊक नव्हती. तिथल्या औषधविक्रेत्याने पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं मूळ घटकाचं नाव वाचलं आणि काम झालं. या मूळ नावांची जागतिक यादी जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून प्रसिद्ध करते. थोडेफार अपवाद आहेत, उदाहरणार्थ पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहून घ्या, रिकामी पाकिटं टाकू नका, आणि पंधरवडाभर पुरेल एवढा साठा हातातल्या पिशवीत ठेवा. नव्या जागी डॉक्टर मिळेपर्यंत जिवाला घोर नको.

*

आमची लेक दुसरीत असताना आम्ही आलो. जुनं घर सोडताना ती फार रडली होती. इथे आल्यावर तिला एक मोठा कागद दिला आणि म्हटलं, आपण जिथे जिथे जाऊ ते तू काढ. भाजी आणायला, चपला शिवून घ्यायला, वाचनालयाचं कार्ड काढायला, सगळीकडे ती कागद घेऊन येऊ लागली. मोठ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी तिच्या नकाशात आहेत: बसायला पुरेल एवढं रुंद मूळ असलेलं झाड, पाय टाकला की हलणारी फरशी, नेहमी झोपलेलं मांजर. हरवलीस तर हिंडायचं नाही, आहेस तिथेच उभी राहा, हे मी तिला शिकवलं. तिने प्रत्येक रस्त्यावर "उभं राहायची जागा" लाल रंगाने दाखवून ठेवली.

तिच्या वर्गात नुकताच एक मुलगा नवीन आलाय. त्याच्यासाठी ती आता दुसरी प्रत काढते आहे. त्याच्या घरापासूनचा रस्ता आमच्या ओळखीचा नाही, म्हणून या रविवारी दोघी तो चालून बघणार आहोत.